खंडेनवमीची विश्रांती

बोलताना तोंडावर हात धरण्याची सवय मला नेमकी कधी लागली, ते आता सांगता येणार नाही. माझा जन्म माहूरच्या डोंगराखालच्या एका गावातला. तिथल्या हापशाच्या पाण्यात फ्लोराईड फार; त्यामुळे आमच्याकडच्या मुलांचे दुधाचे दात पडून नवे येतात, ते तपकिरी पट्टे घेऊनच येतात. गावात होते तोवर त्याचे काही वाटले नाही, कारण सगळ्यांचेच दात तसे होते. अकरावीला नांदेडला आले. वसतिगृहातल्या मुली माझ्या हसण्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या आणि हात आपोआप वर गेला. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, त्यात संशोधनाची पदवी मिळवली, नांदेडच्याच एका महाविद्यालयात शिकवू लागले. पण तो हात काही खाली आला नाही. आमच्या मॅडम मुलांशी कमी आणि फळ्याशी जास्त बोलतात, असे विद्यार्थी म्हणत. ते खरे होते. फळ्याकडे तोंड असले की हात मोकळा राहतो.

अशा माणसाला वयाच्या पंचेचाळिशीनंतर लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून विचारणा व्हावी, याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. तिथे रसायन अभियांत्रिकीच्या पोटात जैव अभियांत्रिकीची एक नवी शाखा सुरू झाली होती. यंत्रे जाणणारी माणसे त्यांच्याकडे होती. जंतू जाणणारे कोणीतरी हवे होते. मी आठवडाभर होय-नाही करत राहिले. शेवटी माझे यजमान जेवता जेवता म्हणाले, "जा की. इथं तरी कोण तुला प्राचार्य करून राहिलंय?" मग मी गेले. सोमवारी पहाटेच्या गाडीने लातूर, शनिवारी संध्याकाळी परत नांदेड, असा क्रम सुरू झाला.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला.

शाखेचे प्रमुख माझ्यापेक्षा डझनभर वर्षांनी लहान होते. त्यांची पहिली पदवी यंत्र अभियांत्रिकीची. वडिलांचा लातुरातच लेथवर लोखंड कातायचा कारखाना, आणि ते अक्षरशः त्या लेथच्या आवाजात वाढलेले. जैव अभियांत्रिकीकडे ते पुढच्या शिक्षणात वळले होते. त्यांचा तास ऐकावा म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी फळ्यावर एक लांबट गोळी काढली. ती कोण आहे हे मी लगेच ओळखले. माणसाच्या आतड्यात राहणारा तो जिवाणू मी आयुष्यभर शिकवत आले होते. मग त्यांनी त्या गोळीच्या पोटात बटण, तार आणि दिवा काढला आणि म्हणाले, "ही गाडी. गाडी आपण बनवत नाही, ती आयती मिळते. आपण फक्त हिला एक हॉर्न बसवणार."

मुले हसली. मी हसले नाही. या जिवाणूचे नाव, घर, स्वभाव, कोणत्या रंगात तो कसा दिसतो, कोणाला छळतो, हे सगळे मला पाठ होते. पाहुण्यारावळ्यांची माहिती असावी तशी ती माहिती होती. पण याच्याकडून आपल्याला काय करवून घ्यायचे आहे, हा प्रश्न माझ्या साऱ्या शिक्षणात मला कोणी विचारला नव्हता आणि मलाही तो सुचला नव्हता. ज्याची आपण इतकी वर्षे ओळख करून देत आलो, त्याचे कोणीतरी सरळ बॉनेट उघडून आत हात घातला आहे, असे मला वाटले.

तास संपल्यावर धीर करून मी त्यांना एवढेच म्हटले, "पण सर, हे जिवंत आहेत."

"असू द्या की, मॅडम," ते म्हणाले. "बैल पण जिवंतच असतो. औत ओढतोच ना?"

याचे उत्तर सुचायला मला पुढे जवळपास दीड वर्ष लागले.

आमच्या शाखेला स्वतःचे घर नव्हते, हे इथे सांगायला हवे. कागदोपत्री आम्ही रसायन अभियांत्रिकीचा एक कोपरा होतो. त्या विभागाचे प्रमुख वयाने, मानाने आणि आवाजाने मोठे होते. जैव अभियांत्रिकी हा वेगळा विषयच नाही, रसायनाच्या अभ्यासक्रमात तिचे दोन पेपर घातले की पुरे, असे त्यांचे स्पष्ट मत होते आणि ते कोणापासूनही लपवत नसत. माझ्या दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर विद्यापीठाची समिती येणार होती. तिने आम्हाला स्वतंत्र विभाग मानले, तर आमच्या मुलांना त्यांच्या विषयाची पदवी मिळणार होती. न मानले, तर मुले रसायनात मिसळली जाणार, शाखा बंद होणार आणि मी पुन्हा नांदेडच्या फळ्यासमोर उभी राहणार. इतका तो साधा हिशेब होता.

समितीला दाखवण्यासाठी आमच्याकडे एक गोष्ट होती, आणि तिचा उगम माझ्या दातांत होता.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात उदगीरची एक मुलगी होती. तिचे वडील तिथल्या बाजारात शिलाई यंत्रे दुरुस्त करत. मुलीच्या बोलण्याला आडपडदा ठाऊक नव्हता. प्रकल्पासाठी विषय शोधायचा म्हणून सगळे चर्चा करत बसलेले असताना तिने एकाएकी विचारले, "मॅडम, तुम्ही बोलताना तोंडाला हात का लावता?"

प्रमुखांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. मला वाटले होते, असा प्रश्न कधी कोणी तोंडावर विचारला तर मी उठून जाईन. मी उठले नाही. हात खाली घेतला, दात दाखवले आणि आमच्या गावच्या हापशाची गोष्ट सांगितली. माझेच शब्द ऐकून मी चकित होत होते. सांगून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग ते पाणी ओळखणारा जीवच करू की आपण."

त्यातून आमचा जिवाणू तयार झाला. तो निरुपद्रवी होता. त्याच्या आत आम्ही सूचनांचे एक इवलेसे कडे घातले होते. पाण्यात फ्लोराईड असले, तर त्या कड्यावरची सूचना जागी व्हावी आणि जिवाणूने पिवळा रंग तयार करावा, एवढेच काम. म्हणजे गावातल्या कोणालाही पाणी नळीत घालून नुसत्या डोळ्यांनी पाहता यावे. एवढेच म्हटले तरी त्यात वर्ष गेले. पहिली नळी पिवळी झाली, तेव्हा प्रमुखांनी ती कपाळाला लावली होती.

त्या कड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. जिवाणूच्या दृष्टीने ते कडे म्हणजे परक्याचे ओझे असते. ते वाहण्यात त्याची शक्ती खर्च होते. संधी मिळाली तर तो ते टाकून देतो. म्हणून त्याच्या खाद्यात एक औषध घालून ठेवतात. ज्याच्याजवळ कडे आहे तो त्या औषधात तगतो, ज्याने टाकले तो मरतो. मी हे वर्गात समजावून सांगितले, तेव्हा प्रमुख मान डोलावत म्हणाले होते, "म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून वॉशर घालतो, तसंच."

नवरात्र आले. अभियांत्रिकी महाविद्यालयात खंडेनवमीचा थाट मोठा असतो. यंत्र विभाग लेथला हार घालतो, स्थापत्यवाले मोजणीच्या दुर्बिणींना हळदकुंकू लावतात, संगणकवाले सर्व्हरपुढे नारळ ठेवतात. त्या दिवशी हत्यार पुसायचे, पुजायचे आणि त्याला विश्रांती द्यायची. चालवायचे नाही. सुताराचा रंधा असो की शिंप्याची कात्री, आपल्याकडे हा नेम सगळे पाळतात. प्राध्यापकांच्या खोलीत याच विषयावर गप्पा चालल्या असताना रसायनाचे प्रमुख आमच्या प्रमुखांना म्हणाले, "तुमच्याकडं पुजायला हाय तरी काय? लोणच्याच्या बरण्या?" सगळे हसले. आमचे प्रमुखही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

मी अष्टमीच्या आधीच गावी गेले. आईकडे घट बसतात, आणि शिवाय समितीसमोर तपासायला आमच्याच हापशाचे पाणी आणायचे ठरले होते. आईने कॅन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः हापसून भरून दिला. तिची कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही. गुडघे आखडलेले आहेत. पाणी कशाला नेतेस, असे तिने विचारले. तपासायला, म्हटल्यावर तिला ते फारसे रुचले नाही.

"पाण्याला नावं ठू न्हाई, बाई," ती म्हणाली. "याच पाण्यावर वाढलीस तू."

हदगाव, अर्धापूर करत कॅन मांडीवर घेऊन नांदेडला आले आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला पोहोचले. कॅन घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले.

त्या खोलीत शांतता असू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तिथे नेहमी तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असत: फ्रीझरची घरघर, द्रव ढवळत ठेवणाऱ्या शेकरची लय आणि उबेच्या पेटीतल्या पंख्याचा बारीक सूर. त्या सकाळी त्यांतला एकही नव्हता. उंबऱ्यात रांगोळी होती. दाराला आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण होते. आत प्रत्येक यंत्र लखलखीत पुसलेले, त्यावर हळदकुंकवाची बोटे. आणि प्रत्येक यंत्राची तार भिंतीतून काढून, नीट वेटोळे करून, त्याच्याच डोक्यावर ठेवलेली होती. त्या वेटोळ्यांच्या मधोमध एकेक झेंडूचे फूल.

फ्रीझरखाली पाणी ओघळून वाळले होते. त्याच्या कडेने कुंकवाचा पुसट लाल डाग राहिला होता.

मी किती वेळ तशी उभी होते, कोण जाणे. कॅन हातातच होता. मागून प्रमुख आले. झब्बा घातलेला, हातात आपट्याची पाने. वयाने लहान म्हणून त्यांनी वाकून माझ्या हातावर पाने ठेवली.

"सोनं घ्या, मॅडम."

मी म्हटले, "सर, हे सगळे बंद का आहे?"

"आता सुरू करायलाच आलो ना," ते म्हणाले. "नवमीला हत्याराला हात लावायचा नाही. सीमोल्लंघन झालं, की मग चालू. आमच्या वडिलांनी नवमीला लेथ कधी..."

तिथे ते थांबले. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय पाहिले असेल, ते मला आजही ठाऊक नाही. ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी फ्रीझरचे दार उघडले. आतून ऊबदार, ओलसर वास आला.

त्यांना कळत नव्हते, असे कोणी समजू नये. फ्रीझर कधीही बंद करू नका, अशी पाटी त्यांनी स्वतः लिहून लावली होती. त्या पाटीवरही आता कुंकवाचे बोट होते. पण लहानपणापासून खंडेनवमीच्या सकाळी वडिलांबरोबर कारखान्यात फिरून एकेक यंत्राची तार काढायची, वेटोळे करायचे, फूल ठेवायचे, हे काम त्यांचे होते. वडिलांनी ते धाकट्या मुलाला मोठ्या विश्वासाने दिले होते. यंत्राला विश्रांती देणे म्हणजे त्याचा मान राखणे, हे त्यांच्या हातांना डोक्याआधी ठाऊक होते. आपल्याकडे पुजायला काही आहे, हे त्यांना यंदा सगळ्यांना दाखवायचे होते. त्यांनी आमच्या शाखेला इतर शाखांएवढा मान दिला होता. त्या मानानेच घात केला.

समिती दोन दिवसांवर होती.

उदगीरहून ती मुलगी दुपारी आली. तिने खोली पाहिली, प्रमुखांकडे पाहिले आणि पांढरा कोट चढवला. बाटल्यांतले द्रव दाट, गढूळ झाले होते. राखीव म्हणून ठेवलेली एकच नळी होती; तीही वितळून कोमट झालेली. तिच्यातले थेंब आम्ही नव्या खाद्यात सोडले, शीतकपाटातले औषध मोजून घातले आणि उबेत ठेवून वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही खाद्य गढूळले. म्हणजे जिवाणू वाढत होते. प्रमुखांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आम्ही माझ्या कॅनमधले पाणी घातले. नळी पिवळी झाली नाही. मग मुद्दाम फ्लोराईड मिसळलेले पाणी घातले. तरीही नाही. दूध पाण्यात सांडावे तसा तो गढूळ पांढरेपणा तसाच राहिला.

"मेले," प्रमुख हलक्या आवाजात म्हणाले.

मुलीने एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"न्हाई, सर. मेले न्हाईत," ती म्हणाली. "लई जगलेत. जत्रा भरलीय नुसती."

मग मी पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. इतके तरतरीत, इतके दाट जिवाणू मी त्या प्रयोगशाळेत आधी पाहिले नव्हते. आणि तिथे, डोळा काचेला लावलेला असतानाच, काय घडले ते माझ्या ध्यानात आले. शीतकपाटही बंद होते. त्या उकाड्यात औषध नासून गेले होते. पहाऱ्यावरचा शिपाई उठून गेल्यावर व्हावे तसेच झाले. ज्यांनी ओझे टाकले, ते हलके झाले, भराभर वाढले. ज्यांनी ते इमानाने वाहिले, ते मागे पडले आणि गर्दीत संपले. राखीव नळीतले थोडेफार वाचले असतील, त्यांना आम्ही आमच्याच हाताने त्या नासक्या औषधात वाढवले होते. लगेच ताजे औषध आणून पुन्हा प्रयत्न केला, तर रात्रीपर्यंत त्यात काहीच उगवले नाही. कडे बाळगणारा एकही उरला नव्हता.

कडे टाकले जाते, हे मी किती वर्षे शिकवत आले होते. परीक्षेत त्यावर प्रश्न काढत होते. पण ते एक वाक्य होते, आणि वाक्याचा कोणाला धक्का बसत नाही. आम्ही ज्याला वर्षभर घडवले, तो मरून गेला असता तर मला दुःख झाले असते. तो जिवंत होता, सुखात होता, आणि आमचे काहीही त्याच्याजवळ शिल्लक नव्हते.

प्रमुख स्टुलावर बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "लेथ वर्षभर बंद ठेवली तर गंज चढेल, मॅडम. पण आपण लेथ आहोत, हे ती विसरत नाही."

मुलगी काचा धूत होती. मान वर न करता तिने उत्तर दिले. "मी तरी काय केलं असतं, सर? दोन दिवस कुणी विचारणारंच न्हाई म्हटल्यावर दुसऱ्याचं ओझं कोण वाहील?"

सूचनांचे ते कडे एका चिमुकल्या नळीत वेगळे, कोरडे जपून ठेवलेले होते. त्याला उकाड्याने काही झाले नव्हते. म्हणजे सारे पुन्हा उभारता येणार होते, पण त्याला काही आठवडे लागले असते, आणि समिती उद्या होती. प्रमुख म्हणाले, मागच्या महिन्याचे पिवळ्या नळीचे फोटो आहेत, तेच दाखवू. त्यावर मुलगी म्हणाली, फोटो पाहून तर सोयरीक जमवणारेही फसतात. शेवटी जे झाले तेच सांगायचे, असे ठरले. ठरले म्हणजे दुसरे काही उरलेच नव्हते.

समितीत तिघे होते. अध्यक्ष वृद्ध प्राध्यापक, यंत्र अभियांत्रिकीतले, बोलायला सौम्य. त्यांच्यासोबत रसायनाचे प्रमुख यजमानासारखे पुढे-मागे करत होते. मुलीने गढूळ नळी त्यांच्यासमोर धरली. आमच्या प्रमुखांनी मान खाली घालून सगळे सांगितले: पूजा, तारा, विश्रांती. अध्यक्षांच्या ओठांवर हसू आले, पण ते कुत्सित नव्हते.

"आमच्या वर्कशॉपलाही आम्ही हेच करतो," ते म्हणाले. "तिथं काही बिघडत नाही. मग मला एवढंच सांगा, दोन दिवसांच्या विश्रांतीनं जे मोडतं, त्याला अभियांत्रिकी का म्हणायचं? आणि म्हणायचंच, तर वेगळी कशासाठी? रसायनात आहात, तिथं काय वाईट आहे?"

प्रमुखांची मान खालीच होती. मी बोलायला लागले आहे, हे मला माझा आवाज ऐकू आल्यावर कळले.

"सर, खंडेनवमीला आपण यंत्राला विश्रांती देतो, तेव्हा त्याची वीज बंद करतो," मी म्हणाले. "पोळ्याला बैलाला विश्रांती देतो, तेव्हा त्याची वैरण बंद करत नाही. उलट त्या दिवशी जास्त घालतो, खांदे मळतो. आमच्याकडून चूक झाली ती हीच. याला आम्ही यंत्रासारखा घडवला आणि यंत्रासारखीच विश्रांती दिली. याला पोळ्याची विश्रांती द्यायला हवी होती. यंत्र विभागात फक्त खंडेनवमी आहे. शेतीशास्त्रात पोळा आहे. दोन्ही सण एकाच वस्तूचे जिथे करावे लागतात, अशी जागा अजून कोणाकडे नाही. ती शिकवायची असेल, तर वेगळीच शिकवावी लागेल."

बोलून झाल्यावर मला दिसले, की माझे दोन्ही हात टेबलावर आहेत.

अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिले. ते काही म्हणण्याआधी रसायनाचे प्रमुख पुढे आले. आता शेवटचा घाव बसणार, असे समजून मी मान खाली घातली.

"साहेब, मी एक सांगू का?" ते म्हणाले. "माझ्या रिअ‍ॅक्टरला मी कुलूप लावतो आन् महिनाभर गावाकडं जातो. आल्यावर चालू केला, की तो पहिल्यासारखा चालतो. हे असलं, मनाला आलं तर काम करणारं, न्हाई आलं तर टाकून देणारं, माझ्या विभागात नको. उद्या जबाबदारी माझ्यावर यायची. यांचं यांना वेगळं करून द्या बुवा."

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी प्रमुखांकडे पाहिले; त्यांचे तोंड उघडेच राहिले होते. वर्षभर आम्ही जिवाणू काय काय करू शकतो, याचे पुरावे जमवले होते. तो कुठे आपले ऐकत नाही, हे सिद्ध झाल्यावर आम्हाला घर मिळत होते, आणि तेही घराबाहेर काढले जाऊन. मुलीला हसू आवरेना. ती नळी घेऊन बेसिनकडे वळली.

काही आठवड्यांनी निर्णय आला. जैव अभियांत्रिकी स्वतंत्र विभाग म्हणून मान्य झाली होती. एक अट होती: कोणत्याही सुट्टीत प्रयोगशाळेत जबाबदार व्यक्ती हजर असावी. ती व्यक्ती कोण, याची चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

हिवाळ्यात कडे पुन्हा नव्या जिवाणूंत घातले. ज्या दिवशी ते तयार झाले, त्या दिवशी मी गावच्या पाण्याचा कॅन काढला. आईने भरलेले पाणी होते ते. नळीत घातले आणि समोर बसून राहिले. पिवळेपणा हळूहळू वर चढत गेला आणि थांबेचना. आम्ही पूर्वी मिसळून पाहिलेल्या कोणत्याही पाण्याहून तो गडद झाला. ते पाणी कसे आहे, हे मला ठाऊक होते. माझ्या तोंडात त्याची साक्ष होती. पण हे पाणी आई आजही पिते आहे, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर नळीत उभी होती. मी लगेच तिला फोन करून सांगितले, की ते पाणी आता पिऊ नको. तिने विचारले, "मग काय पिऊ?"

आम्ही ओळखणारा जीव केला होता, एवढेच.

पुढच्या नवरात्रात मी गावी गेले नाही. खंडेनवमीच्या सकाळी इतर विभागांत नारळ फुटत होते, आणि आमच्या खोलीत तिन्ही आवाज सुरू होते. प्रमुख झब्बा घालून आले. त्यांनी आधी हात धुतले, ताज्या औषधाचे खाद्य बाटल्यांत भरले, शेकरचा वेग पाहिला आणि मग हळदकुंकवाची बोटे यंत्राला न लावता दाराच्या चौकटीला लावली. "आधी वैरण," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा हात मात्र सवयीने एकदा भिंतीतल्या तारेकडे गेला आणि मधूनच मागे आला.

तेवढ्यात आईचा फोन आला. घट उठायची वेळ झाली, तू का आली नाहीस, म्हणत होती.

"सुट्टी न्हाई का तुमच्या त्या किड्यांना?"

"नाही, आई. यांना सुट्टी देता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. "जागेच हायेत, तर त्यांना म्हणावं, माझ्या पाण्याचं काय ते बगा."